विल्यम केरीची दैनंदिनी आणि लोकभाषेचा शोध

मराठीच्या अभ्यासकांस विल्यम केरी हे नाव परिचित आहे ते १८०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० साली मोडी टायपात छापलेल्या मराठी-इंग्रजी कोशामुळे. या ग्रंथांवरून त्याची जी मूर्ती मनापुढे उभी राहते ती श्रीरामपूरच्या छापखान्यात पंडितांच्या मेळ्यात बसलेल्या एका वयोवृद्ध विद्वानाची. परंतु या विद्वानाच्या आयुष्यात, श्रीरामपूरला येण्यापूर्वी, बंगालच्या खेड्यापाड्यांत घालविलेली सहा-सात वर्षे आहेत. त्या काळात तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा, जवळजवळ अपरिचित असा एक धर्मप्रचारक होता व ज्या कार्यासाठी तो आला होता त्यात त्याला पदोपदी अपयश येत होते. या वर्षांतील त्याची दैनंदिनी (१७९३ ते १७९५) व त्याने स्वदेशी पाठविलेली पत्रे उपलब्ध आहेत. धर्मेतिहासाचे साधन म्हणून ती वाचली जातात. भाषेच्या अभ्यासकाने ती का वाचावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. केरीचे उद्दिष्ट ‘मंडळी’ स्थापन करण्याचे होते. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या भाषेत ‘मंडळी’ हा शब्द प्रार्थनामंदिराच्या इमारतीस नव्हे, तर श्रद्धावंतांच्या समुदायास लावतात. नव्या प्रदेशात मंडळी स्थापणे म्हणजे भिंती उभारणे नव्हे, माणसे एकत्र आणणे होय. शिवाय केरी बाप्तिस्त पंथाचा होता. या पंथात बालकास जन्मतः दीक्षा देत नाहीत. प्रौढ व्यक्तीने आपली श्रद्धा स्वतःच्या मुखाने कबूल करावी, मगच तिला बाप्तिस्मा द्यावा, असा दंडक आहे. ही गोष्ट भाषिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. ज्या धर्मकृत्याचा सारा भर विधीवर असतो, तेथे उपदेशकाची भाषा श्रोत्यास अर्धीमुर्धी कळली तरी कार्य अडत नाही. परंतु जेथे श्रोत्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर देणे हीच प्रवेशाची अट असते, तेथे भाषा हे साधन राहत नाही. तो कार्याचा गाभाच होतो. केरीचे अपयश हे या अर्थाने प्रथम भाषेचे अपयश होते.

केरीचा जन्म १७६१ साली नॉर्दॅम्प्टनशरमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. मुलगा चांभारकाम शिकला व ते करीत असतानाच लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्याने बऱ्याच अंशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. १७९२ मध्ये त्याच्या आग्रहामुळे केटरिंग येथे बाप्तिस्त मिशनरी संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षाच्या जूनमध्ये तो पत्नी, मेहुणी व चार मुले यांसह एका डॅनिश जहाजाने निघाला. नोव्हेंबर १७९३ मध्ये तो कलकत्त्यास पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात धर्मप्रचारकास मुभा नव्हती. ती १८१३ च्या सनदेने काही अंशी मिळाली. तोपर्यंत दुसरा एखादा उद्योग दाखविल्याविना राहणे कठीण होते. बरोबर आणलेला पैसा सहकारी जॉन टॉमस याच्या हातून लवकरच संपला. १७९४ च्या आरंभी हे कुटुंब सुंदरबनातील देबहाटा येथे, मिठाच्या कामावरील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयास गेले. वाघांचे भय असलेल्या त्या जंगलात जमीन साफ करून शेती करावी असा केरीचा बेत होता. तो पार पडण्यापूर्वीच मालद्याच्या बाजूस मदनावती येथील निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याचे काम त्याला मिळाले. पगार दरमहा २०० रुपये. हे काम मिळताच, आता आपला खर्च आपण चालवू, असे त्याने संस्थेस कळविले.

या काळातील त्याचा दिनक्रम नाना प्रकारच्या कामांनी व्यापलेला दिसतो. पावसाळ्यात निळीचा हंगाम. तेव्हा हौद, मजूर, हिशेब यांतून सवड नसे. उरलेल्या महिन्यांत तो दोन लहान होड्या घेऊन निघे. एकीत झोपण्याची सोय, दुसरीत स्वयंपाकाची. होडी काठाला लावून तो गावोगाव पायी हिंडे, लोकांशी बोले आणि जेवणाखाण्यास व निजण्यास होडीवर परते. घरी असता मुनशी रामराम बसू याच्याजवळ बंगालीचे अध्ययन आणि बायबलचे भाषांतर चाले. याच्या जोडीला बागेचा नाद होता. दरवर्षी थोडी बियाणी आणि कोयते-विळ्यांसारखी शेतीची अवजारे पाठवावीत, असे तो इंग्लंडमधील मित्रांस लिहितो. आसपासचे पशुपक्षी व झाडे यांच्याही नोंदी करतो. आत्मनिंदा, पिकांची विचारपूस, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःस लावलेला बोल आणि एखाद्या पंडिताशी झालेला वाद, हे सारे या लेखनात शेजारी-शेजारी येते. प्रकाशनासाठी सजविलेल्या वृत्तांतात सहसा न आढळणारा हा विस्कळितपणाच अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कारण मत बनण्यापूर्वीची निरीक्षणे त्यात जशीच्या तशी राहिली आहेत.

मदनावतीहून लिहिलेल्या पत्रव्यवहारातील एक निरीक्षण येथे मुद्दाम विचारात घ्यावयाचे आहे. केरी लिहितो त्याचा आशय असा : आपण तासभर बंगालीत बऱ्यापैकी सहजतेने बोलू शकतो आणि ज्यांना लिहिता-वाचता येते ते सर्व आपले बोलणे समजतात, परंतु गरीब कष्टकऱ्यांस त्यातले फारच थोडे कळते. भाषा संपन्न आहे, सुंदर आहे. पण ज्यांची सारी विवंचना पोटापुरत्या तांदळाची, त्यांच्या बोलण्यात धर्मविषयक शब्द जवळजवळ नाहीत. प्रेम, पश्चात्ताप यांना त्यांच्यापाशी शब्द नाहीत. असे अर्थ ते चमत्कारिक वाक्प्रयोगांनी किंवा लांबलचक वळसे घेऊन व्यक्त करतात.

या नोंदीचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. पहिला भाग, म्हणजे शिष्टांची बंगाली आणि कष्टकऱ्यांची बंगाली यांतील अंतर, हे उत्तम निरीक्षण आहे. पंडिताकडून भाषा शिकलेला परकीय माणूस पंडितांनाच समजेल अशी भाषा बोलू लागतो आणि ज्याच्यासाठी त्याने भाषा शिकली तो माणूस दूरच राहतो, ही गोष्ट केरीला ग्रंथातून नव्हे, श्रोत्यांच्या कोऱ्या चेहऱ्यांवरून कळली. दुसरा भाग, म्हणजे ‘प्रेमाला शब्द नाही’ हा निष्कर्ष, मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की, निरीक्षक नाम शोधीत होता आणि भाषा क्रियापदाने व वाक्प्रयोगाने बोलत होती. आपल्याकडील उदाहरण घेऊ. एखाद्या खेडुत बाईच्या तोंडी ‘प्रेम’ हा शब्द सबंध दिवसात येणार नाही. ती ‘लेकरावर जीव आहे’ म्हणेल, ‘लई माया करते’ म्हणेल, ‘पोटात तुटतं’ म्हणेल. ‘पश्चात्ताप’ हा शब्द ती उच्चारणारही नाही. पण ‘चुकलं माझं, पदरात घ्या’ हे शब्द ती नेमक्या वेळी उच्चारील. येथे अर्थ अनुपस्थित नाही, कोशात शीर्षशब्द म्हणून मांडता येईल असे नाम तेवढे अनुपस्थित आहे. केरीने ज्यांना वळसे म्हटले, ती त्या बोलीची सरळ वाट होती.

दुसरे कारण प्रसंगाचे आहे. बोलणारा मजूर, ऐकणारा कारखान्याचा साहेब. ज्याच्या हाती रोजमुरा आहे त्याच्यासमोर माणूस कामाचे, दराचे, आजाराचे, तांदळाचे बोलतो. मायेचे व मनस्तापाचे शब्द तो घरात व देवापुढे वापरतो. निरीक्षकाचे स्थान हेच त्याच्या सामग्रीची मर्यादा ठरते.

तिसरे कारण भाषाव्यवहाराच्या प्रकारांचे आहे. चैतन्यांच्या (१४८६–१५३३) परंपरेतील कीर्तने बंगालच्या सर्व थरांत गायिली जात आणि त्या गायनाचा केंद्रवर्ती शब्द ‘प्रेम’ हाच होता. म्हणजे दिवसा शेतात जो शब्द ऐकू येत नाही तो संध्याकाळी गाण्यात असू शकतो. संभाषण आणि गीत ही एकाच समाजाच्या भाषेची दोन वेगळी दालने आहेत. एकात डोकावून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते.

याच वर्षांत केरीच्या घरात जे घडत होते त्याकडेही याच दृष्टीने पाहणे योग्य होईल. पत्नी डोरोथी ही प्रथम येण्यास तयार नव्हती. निघण्याच्या सुमारास ती बाळंतीण होती. धाकटी बहीण सोबत येण्यास राजी झाली तेव्हा ती निघाली. ऑक्टोबर १७९४ मध्ये पीटर हा पाच वर्षांचा मुलगा मदनावतीस आजारी पडून वारला. जातिबंधनांमुळे मृतदेहाच्या कामास कोणी हात लावीना. अखेर काही मुसलमानांनी खड्डा खणला. त्यानंतर डोरोथीचे मन ढळले ते कायमचे. १८०७ साली ती मरण पावली. तिच्या विवाहनोंदीवर सहीच्या जागी फुली आहे. तिचे स्वतःचे लेखन नाही. तिचे दुःख आपल्याला कळते ते पतीच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या लेखणीतून, आणि तेथे ती बहुधा एक कौटुंबिक संकट म्हणून येते. मंडळी उभारण्याच्या या उद्योगाची सर्वांत मोठी किंमत जिने दिली तिचे शब्द साधनांत नाहीत. याचा अर्थ तिच्यापाशी शब्द नव्हते असा होत नाही. मदनावतीच्या मजुरांना जो न्याय तोच तिलाही लावला पाहिजे.

१८०० च्या जानेवारीत केरी डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरला आला. जोशुआ मार्शमन व मुद्रक विल्यम वॉर्ड हे त्याला तेथे मिळाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल या सुताराने हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. बंगालमध्ये पाऊल ठेवल्यास सात वर्षे होऊन गेल्यावर केरीच्या हाती लागलेला हा पहिला बंगाली सभासद. याच कृष्ण पालाने पुढे बंगालीत ख्रिस्ती गीते रचली व त्यांतील एकाचे मार्शमनने इंग्रजीत भाषांतर केले. ज्या थरातील लोकांपाशी या विषयाचे शब्द नाहीत असे केरीला वाटले होते, त्याच कष्टकरी थरातील एका कारागिराने ते शब्द गीतात वापरून दाखविले. वर सांगितलेल्या तिसऱ्या कारणाचे हे बोलके प्रत्यंतर होय.

केरीने आपला तो निष्कर्ष पुढे कोठे स्पष्टपणे मागे घेतला की नाही, यापेक्षा त्याच्या कृतीत झालेला बदल महत्त्वाचा आहे. १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात नेमणूक झाल्यावर त्याच वर्षी त्याने ‘कथोपकथन’ हा संवादसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात सावकार व ऋणको, जमीनदार व कूळ, मजूर, कोळी, भांडणाऱ्या बायका अशांची संभाषणे आहेत. जाणत्या एतद्देशीयांकडून ही संभाषणे लिहवून घेतली व बोलणारी माणसे ज्या ढंगाने बोलतील त्याच ढंगाने ती ठेवण्यास सांगितले, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. येथे कोशाची दृष्टी मागे पडून प्रसंगाची दृष्टी पुढे आली आहे : कोण, कोणाशी, कशाविषयी बोलतो यावर शब्द अवलंबून असतात, हे तत्त्व या पुस्तकाच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. शिष्ट भाषेच्या पाठ्यपुस्तकांत भांडणाला स्थान मिळावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता मराठीकडे वळू. केरी महाराष्ट्रात कधी राहिला नाही. त्याची मराठी कलकत्त्यास, मुख्यतः वैजनाथ शर्मा या पंडिताच्या साहाय्याने तयार झाली. कोशासाठी मोडीचा टाइप वापरण्यात व्यवहारातील लिपीकडे त्याचे असलेले लक्ष दिसते, आणि मोल्सवर्थचा कोश (१८३१) निघण्यापूर्वीच्या काळात या ग्रंथांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु बंगालीच्या बाबतीत त्याच्यापाशी जे होते, म्हणजे होडी, पायवाट आणि न समजल्यामुळे गप्प राहिलेला श्रोता, ते मराठीच्या बाबतीत नव्हते. केरीच्या मराठी ग्रंथांचे मूल्यमापन करताना हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

धर्मप्रचारकांच्या दैनंदिन्या, पत्रे व वार्षिक वृत्ते हे आपल्या भाषांच्या इतिहासाचे मोठे भांडार आहे. त्यांच्या धर्मविषयक हेतूशी सहमत असण्याची अथवा नसण्याची अट त्यांच्या वाचनास नाही. मात्र त्यांतील ‘या लोकांच्या भाषेत अमुक अर्थाचा शब्द नाही’ अशा स्वरूपाची विधाने निष्कर्ष म्हणून न घेता प्रश्न म्हणून घ्यावीत. विचारणारा कोण होता, उत्तर देणारा त्याच्याशी कोणत्या नात्याने बांधलेला होता, नाम शोधले की वाक्प्रयोगही ऐकला, बोलणे टिपले की गाणेही, हे चार प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतील. बोलींच्या पाहणीसाठी आज खेडोपाडी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही स्वतःच्या टिपणवहीस हेच प्रश्न विचारावेत. ज्या जागी शब्द मिळाला नाही ती जागा वहीत रिकामी ठेवावी, तेथे ‘नाही’ असे लिहू नये.