आयनचा जोर मोजायचा कसा? जाळीला व्होल्ट देऊन

एकलहरे : थर्मलची चिमणी आपण रोज बघतो, पण धूर चिमणीत जायच्या आधी राख पकडणारं ईएसपी यंत्र असतं, त्यात काय चालतं ते फारसं कुणी सांगत नाही. तिथं तारांना हजारो व्होल्टचा दाब देतात. तारेजवळची हवा फुटते, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा विजेचा भार आलेला अणू किंवा रेणू म्हणजे आयन. आयन राखेला चिकटतात आणि भारलेली राख पत्र्याकडे ओढली जाते. फुटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. पेटलेल्या ट्यूबलाईटमध्येही तोच.

एक भार एका व्होल्टच्या उतारावरून घसरला की एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. मग ईएसपीतल्या आयनला हजारो मिळत असतील? नाही. हवा इतकी दाट, की मिलिमीटरचा दहा हजारावा भाग जायच्या आतच धडक बसते. बाजारच्या दिवशी गर्दीत मोटारसायकल घातल्यासारखं. म्हणून प्रयोगशाळेत आधी पंपाने हवा काढून टाकतात.

मग आयनच्या वाटेत धातूची बारीक जाळी लावतात आणि तिला धन व्होल्ट देतात. गोठ्याच्या फाटकाची आडवी काठी एकेक वीत वर न्यावी, तसं. 50 व्होल्टला कमी जोराचे माघारी फिरतात, 100 ला आणखी. जाळीमागच्या पट्टीवर करंट किती घटला त्यावरून कोणत्या जोराचे किती, हे कळतं. यात एक खोच आहे. दोन भारांच्या आयनला त्याच जाळीवर दुप्पट अडवणूक होते, म्हणून नुसत्या व्होल्टवरून ऊर्जा ठरत नाही, भारही माहीत लागतो.

दुसरी रीत घड्याळाची. हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा हायड्रोजन आयन एक मीटर साधारण 2.3 मायक्रोसेकंदांत कापतो. ऊर्जा चौपट झाली तर वेळ निम्मा.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लेझरने आर्गॉन अणूंचे पुंजके फोडून प्लाझ्मा करतात. तिथल्या गटाने 2013 साली जाहीर केलं, की त्यातून सुमारे 10 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे अणू निघाले, आणि तेही बिनभाराचे! आयनने वेग घेतला आणि वाटेत इलेक्ट्रॉन परत मिळवले. अशांना जाळी अडवूच शकत नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात आयन वळतात, हे मात्र सरळ जातात. त्यांचा जोर कळायला घड्याळच लागतं.