संगीत बंद, आवाज मोठा

बिल्डिंगमधल्या डॉक्टरला रविवार नसतो. सरकारी नोकरीमुळे माझा खासगी दवाखाना नाही. पण कोथरूडच्या आमच्या सोसायटीत जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी ‘डॉक्टर, जरा एक विचारायचं होतं’ असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला घेऊन थेट घरी आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तक्रार एकच, उजव्या कानात शिट्टी वाजते. दिवसा गोंगाटात जाणवत नाही, रात्री दिवे मालवले की सुरू.

“वाजणारच,” वहिनी म्हणाल्या. “तो राक्षस मारायचा गेम आणि त्यावर ते किंचाळणारं संगीत. आम्हाला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं, तर ह्याच्या कानाचं काय होत असेल?”

गेम होता ‘डूम’. संगीत हेवी मेटल. गिटारचा करवतीसारखा आवाज, मशीनगनसारखे ड्रम. मी भीमसेनजींच्या गाण्यावर वाढलेला माणूस. दोन मिनिटं ऐकलं आणि माझं मत तयार झालं. कानाचा पडदा तपासला, मळ नव्हता, रक्तदाब ठीक होता. म्हटलं, “हे संगीत बंद कर, महिनाभर बघू.” वहिनी खूश झाल्या. मुलगा काही बोलला नाही.

तीन आठवड्यांनी तो एकटाच आला. शिट्टी वाढली होती.

“काका, म्युझिक बंद केलं तुम्ही सांगितलंत तसं. पण म्युझिकशिवाय डूम खेळण्यात काही राम नाही. मग मित्रांबरोबर ऑनलाइन शूटिंगचा गेम सुरू केला. त्यात म्युझिक नसतंच. पण शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकावा लागतो, नाहीतर मागून येऊन मारतात. त्यासाठी आवाज नव्वदवर ठेवतो. आधी साठवर असायचा.”

म्हणजे पाऊल ऐकायला आवाज वाढवायचा आणि त्याच आवाजात कानापाशी बंदूक सुटायची. माझ्या सल्ल्याने मुलाच्या कानाचं नुकसान वाढलं होतं. संगीत मला आवडलं नाही म्हणून ते अपायकारक असणार, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरने करू नये अशी ही चूक आहे, आणि ती मी केली.

दुसऱ्या प्रश्नाला मला आणखी उत्तर मिळालं. उजवाच कान का? एकाच कानात शिट्टी असेल तर आम्ही डॉक्टर जरा सावध होतो, कारण त्यामागे क्वचित वेगळं कारण निघू शकतं. इथलं कारण घरगुती निघालं. आईने जेवायला हाक मारली आणि ऐकू आली नाही की रामायण घडतं, म्हणून तो हेडफोनची डावी वाटी कानामागे सरकवून ठेवायचा. उरलेल्या एका कानाने सगळं ऐकायचं म्हणून आवाज आणखी वर.

आता थोडं कानाविषयी. आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या लाटांनी ही टोकं हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. त्वचा भरून येते, हाड जुळतं, ही पेशी मेली की पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाने सर्वांत आधी मार बसतो तो साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या स्वरांना. त्यामुळे सुरुवातीला ऐकू कमी येतंय हे कळतच नाही. गर्दीत ‘स’ आणि ‘फ’ सारखे वाटू लागतात, एवढंच.

डेसिबलचं गणितही फसवं आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. १०० ला अर्धा तासही नाही. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलला ४० तास.

गेम या हिशेबात कुठे बसतात? जानेवारी २०२४ मध्ये ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नास हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. हेडफोनवर खेळल्या जाणाऱ्या चार शूटिंग गेम्सची सरासरी पातळी ८५ ते ९१ डेसिबलच्या आसपास मोजली गेली होती आणि मध्येच उसळणारे स्फोट ११९ पर्यंत. म्हणजे आमच्या या मुलाचा आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपत होता.

सलग चालणारं संगीत आणि अचानक सुटणारी गोळी, यांत कानाच्या दृष्टीने फरकही आहे. मोठा आवाज येताच मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला क्षणाचा काही भाग लागतो. गोळीचा आवाज त्याआधीच आत पोचलेला असतो. याचा अर्थ मेटल निर्धोक आहे असा नाही. ते सलग आणि भरगच्च असतं, तासन्‌तास ऐकलं तर पेशींना विश्रांतीच मिळत नाही. दोन्ही वाटा त्याच गावाला जातात.

चूक सुधारायची तर आधी समजून घ्यायला हवं, म्हणून पुढच्या रविवारी पार्किंगमधल्या बाकावर सोसायटीतल्या सहा-सात खेळाडूंना गाठलं. चहा माझ्याकडून. प्रश्न एकच विचारला, ‘मारामारीच्या गेममध्ये हे संगीत तुम्हाला कशाला लागतं?’

मला वाटलं होतं, सगळे ‘भारी वाटतं’ म्हणतील. एकाने मात्र सांगितलं की संगीत ही त्याची माहिती आहे. ‘डूम’मध्ये लढाई वाढली की वाद्यांचे थर चढत जातात, शेवटचा शत्रू पडला की उतरतात. “ड्रम थांबले की कळतं, खोली साफ झाली. बघावं लागत नाही.” २०१६ च्या ‘डूम’चा संगीतकार मिक गॉर्डन हा ऑस्ट्रेलियन. सुरुवातीला त्याला गिटार आणि मेटल नको असं सांगण्यात आलं होतं. त्याने साध्या ध्वनिलहरी यंत्रांच्या साखळीतून पिळून काढल्या, मग हळूच नऊ तारांची गिटार आत आणली. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये संगीत आणि ध्वनिरचनेचं पारितोषिक याच गेमला मिळालं. हे सगळं मला बाकावर बसून समजलं, नंतर तपासून पाहिलं, खरं निघालं.

सीए करणारी एक मुलगी गेमचं संगीत बंद करून अजय-अतुलची गाणी लावते. तिच्या बाजूने संशोधनही आहे. स्कॉटलंडमधल्या कॅसिडी आणि मॅकडोनाल्ड यांनी मोटार चालवण्याच्या गेमवर प्रयोग केले, तेव्हा स्वतः निवडलेलं संगीत ऐकणाऱ्यांना खेळ जास्त आवडला आणि जमलाही चांगला. एका मुलाला मेटल मुळीच सोसत नाही. “दहा मिनिटांत डोकं भणभणतं.” तो ‘राजी’ खेळतो. हा गेम आपल्या पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणला. त्यातही मारामारी भरपूर आहे, पण संगीताचा बाज भारतीय. विशेष म्हणजे संगीतकार ग्रीक आहे.

गिटार वाजवणाऱ्या एकाचं म्हणणं सर्वांत वेगळं होतं. त्याला मेटल हवं, पण ‘विटेसारखं’ नको. म्हणजे काय, तर ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा आवाज दाबून एकाच उंचीचे केले की लहरींचं चित्र विटेसारखं सपाट दिसतं. २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला, तेव्हा तीच गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्येही होती आणि गेममधली कानाला जास्त मोकळी वाटत होती. चाहत्यांनी सीडीवरची गाणी पुन्हा नीट मिश्रित करून द्या म्हणून हजारो सह्यांचा अर्ज केला होता. मेटलच्या चाहत्यांना फक्त मोठा आवाज हवा असतो, हा माझा समज तिथे गळून पडला.

वहिनींना कानाइतकीच दुसरीही काळजी होती. या संगीताने मुलगा चिडखोर होईल का? हृदयावर ताण येईल का? माँट्रियलमधल्या सिल्व्ही एबेर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५२ तरुणांना ‘क्वेक थ्री’ हा गेम दहा मिनिटं खेळायला दिला, निम्म्यांना संगीतासह आणि निम्म्यांना संगीताविना. संगीतवाल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त आढळलं. संगीत शरीराला तापवतं हे खरं. पण कॉर्टिसॉल परीक्षेच्या हॉलमध्येही वाढतं, शेवटच्या षटकातही वाढतं. प्रश्न ते रात्री दोन वाजता वाढवायचं का, हा आहे. झोपायच्या आधी तासभर गेम नको, एवढं मी ठामपणे सांगतो.

रागाबद्दल क्वीन्सलँड विद्यापीठाचा २०१५ चा छोटा अभ्यास आहे. मेटल ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग आणला, मग काहींना त्यांचं आवडतं संगीत दिलं, काहींना शांत बसवलं. मेटलने राग भडकला नाही. दोन्ही गटांत तो उतरला. मात्र हे सगळे मुळातच मेटलचे चाहते होते. हाच प्रयोग माझ्यावर केला तर निकाल काय लागेल, सांगता येत नाही.

हृदयाची गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. २०२२ मध्ये ‘हार्ट ऱ्हिदम’ या नियतकालिकात गेम खेळताना अचानक शुद्ध हरपलेल्या २२ मुलांची नोंद आली. अनेकांना ठोक्यांचा आधी न कळलेला दोष होता आणि गेमच्या उत्तेजनेने तो उघडा पडला. हे फार दुर्मिळ आहे, सरसकट घाबरायचं कारण नाही. पण गेम खेळताना मूल कोसळलं, तर ‘जेवला नसेल’ म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. घराण्यात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आमच्या मुलाची श्रवणचाचणी झाली. उजव्या कानात ४,००० हर्ट्झला छोटीशी खाच दिसली. डावा स्वच्छ. कानाच्या डॉक्टरांनी बाकी काही नसल्याची खात्री केली. खाच भरून येणार नाही, पण वाढू न देणं त्याच्या हातात आहे. (एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.)

नवीन व्यवस्था त्यानेच बसवली, मी फक्त आकडे दिले. हेडफोनच्या दोन्ही वाट्या कानावर. आईने हाक मारण्याऐवजी फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. पंखा आणि रस्त्याचा आवाज झाकायला आपण नकळत आवाज वाढवतो, म्हणून खिडकी बंद. गेममध्ये संगीत, गोळीबार, बोलणं यांची वेगवेगळी बटणं असतात, त्यात गोळीबार खाली आणला. संगणकात हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारी एक सोय असते. ती चालू करून त्याने एकूण आवाज पन्नासवर आणला, तरी पावलं ऐकू येतात. नुसती सोय चालू करून आवाज तसाच ठेवला तर उलटंच होतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. तासाला दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवायचा. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने गेमसाठी सुरक्षित आवाजाचं मानक काढलं आहे. आठवड्याचा कोटा किती संपला हे गेमनेच दाखवावं, असं त्यात सुचवलं आहे. कंपन्या ते कधी मनावर घेतात ते बघायचं.

आणि ‘डूम’ परत सुरू झाला, संगीतासकट. मी होच म्हटलं.

शिट्टी आता फक्त अगदी शांत रात्री ऐकू येते. परवा त्याने मला हेडफोन लावून दिला. चार मिनिटं टिकलो. पण गिटारखाली सतत घुमणारा एक खर्जाचा सूर मात्र कानात राहिला.

आता वहिनी. त्या एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतात, हे मला त्या वेळी सुचलंच नव्हतं. नदीपात्रातला सराव म्हणजे रोज संध्याकाळी दोन-तीन तास, कानात फक्त कापसाचे बोळे, आणि कापसाने आवाज फारसा अडत नाही. गणेश विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीची मंडळी दरवर्षी आवाज मोजतात. २०२२ आणि २०२३ मध्ये सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेली होती. मी त्यांना फोमचे इअरप्लग आणून दिले आणि म्हटलं, “वहिनी, तुमचीही चाचणी करून टाकू.”

“करू ना डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “पण आता सराव सुरू झालाय. गणपतीनंतर बघू.”