गोधडीची कड

गोधडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या बाजूला कौदी म्हणतात, आणि बंगालमधील ‘कांथा’ तर संस्कृत ‘कंथा’ या शब्दाशी सरळ नाते सांगतो. परंतु गोधडीची कड कशी पूर्ण होते, इकडे तिच्याखाली जन्मभर झोपणाऱ्यांचेही सहसा लक्ष जात नाही. माझे गेले ते एका कारणाने. आमच्या घरी सुईत दोरा ओवण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे, आणि ज्याने दोरा ओवायचा त्याला शिवणाऱ्याजवळ बसून राहावे लागते. मुलाने गोधडीवर लेख लिहावा याचे काही मित्रांना हसू येईल. त्यांनी येत्या पौषात हिंगणीला मुक्कामाला यावे. बोर धरण आणि जंगल जवळ असल्याने आमच्याकडची पहाट कशी असते ते कळेल, आणि मग गोधडीचा विषय हसण्याजोगा वाटणार नाही.

बाजारातून आणलेल्या रजईला चारी बाजूंनी पट्टी असते. तिला आपण गोट म्हणतो. शिंपी ही पट्टी बहुधा उरेब, म्हणजे तिरपी कापतो, कारण तिरपे कापड ताणले जाते आणि वळणावर नीट बसते. गोट का लावावा लागतो? तेथे सर्व थर आधी एकत्र शिवतात आणि नंतर कडा कात्रीने सारख्या करतात. कापले की धागे मोकळे होतात, आणि मोकळे धागे झाकायला निराळे कापड लागते. गोधडीत हा क्रमच उलटा आहे. आमच्याकडे बायका आधी कड बंद करतात, मग मधल्या भागाकडे वळतात. आजीचे वाक्य ठरलेले असते : ‘‘पयले कड सांभाळ, मंग मधातलं पाहू.’’ शेवटच्या टाक्याला झाकण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही, म्हणून गोट लागत नाही.

यात लुगड्याची मदत मोठी आहे. कापड उसवते ते कापलेल्या बाजूने. मागावर उभा ताणा असतो आणि त्यातून आडवा बाणा जातो-येतो. काठाशी आला की बाणा वळून परत फिरतो, त्यामुळे तेथे धाग्याचे तोंड मोकळे नसते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (त्याची स्थापना १९३८ ची) चरखे आणि माग पाहताना ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. आजीला ती कोणी शिकवली नव्हती. ‘‘लुगड्याले काठ हाय, तं गोट कायले?’’ एवढेच ती म्हणते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे भाग केले तर पावणेसात फुटांचा एक भाग मिळतो आणि एकट्या माणसाच्या गोधडीला तेवढी लांबी पुरते. दोन्ही लांब बाजूंना विणलेला काठ आपोआप येतो. खरी काळजी उरते ती डोक्याकडच्या आणि पायाकडच्या, कापलेल्या बाजूंची.

आता प्रत्यक्ष कृती. सारवलेल्या अंगणात खालचे कापड पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे मांडतात. हे आतले थर कडेपासून दोन बोटे आत थांबले पाहिजेत. ते कडेपर्यंत आले तर तेथे गाठीसारखा जाडपणा येतो आणि सुई अडते. वरचे कापड घातल्यावर कड बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, खालचे कापड दोन बोटे मोठे ठेवून ते वर घ्यायचे, त्याची धार आत मुडपायची आणि टाके घालायचे. दुसरा, खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कापडांच्या कडा आत वळवून समोरासमोर आणायच्या आणि दोन्हींतून टाका न्यायचा. पहिल्याने कड जाड आणि टिकाऊ होते, दुसऱ्याने पातळ आणि देखणी. आजी पायाकडे पहिला आणि डोक्याकडे दुसरा प्रकार वापरते, कारण गोधडी ओढली जाते ती पायांनी. उशीच्या अभ्र्यासारखे उलटे शिवून नंतर सुलटे करण्याचीही एक रीत आहे. ती मशीनला सोयीची आहे. पण सुट्या चिंध्यांचे थर उलटवताना गोळा होतात, म्हणून माझ्या मते ती गोधडीच्या कामाची नाही.

कोपरा आधी तिरपा आत घ्यावा आणि मग दोन्ही बाजू त्यावर आणाव्यात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशाच कडेकडून आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात, आणि त्यांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते.

कडेचा पहिला धावदोरा बोटभर आत आणि दुसरा त्याला लागून असतो. दोरा दुहेरी, गाठ थरांत लपवलेली. फार ओढला तर चुण्या पडतात. त्यानंतरच्या ओळी फिरत फिरत मध्याकडे जातात, आणि कापडाचा सैलपणा हाताने पुढे सारत न्यावा लागतो. नाहीतर मध्यभागी फुगा येतो.

अडचण आली आहे ती निराळीच. सुती लुगडी आता घरात उरलेली नाहीत. नायलॉनच्या साडीचा काठ पुष्कळदा नुसता छापलेला असतो, कापड निसरडे असते आणि मुडप उलगडते. इस्त्रीने दाबावे तर वितळण्याची भीती. आमच्याकडे यावर असा तोडगा निघाला आहे : नायलॉन वर, सुती धोतर खाली, आणि सुती कापडच वर घेऊन त्याच्या मुडपीत नायलॉनची धार पकडायची.

आजीच्या पेटीत तीन सुती लुगडी होती. त्यातले एक तिने गेल्या दिवाळीनंतर कापले. शिकण्यासाठी गावाबाहेर राहणारा आमच्या घरातला मी पहिलाच, आणि माझ्या खोलीवर पांघरायला काही नाही हे तिच्या मनाला लागले होते. तिला आता धावदोऱ्याची ओळ दिसत नाही. म्हणून आम्ही काम वाटून घेतले. दोन बोटे मोजायला डोळे लागत नाहीत. मुडप आणि कड तिने घातली, मधल्या ओळी मी घातल्या. माझ्या ओळी वाकड्या आहेत हे तिने हात फिरवून ओळखले.

कड सर्वांत आधी झिजते. गोट असता तर पट्टी बदलली असती. येथे एक बोट आणखी आत मुडपून नव्याने शिवतात, आणि तेही संपले की जुनी गोधडी तशीच आत ठेवून वरून दुसरे लुगडे चढवतात. नवी कड त्या लुगड्याची. पेटीत अजून दोन आहेत, पण ती आजीच्या नेसणीतली आहेत.