जुहूचे विमानक्षेत्र

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भव्य इमारती आणि उतारूंची गर्दी उभी राहते. पण देशातील नागरी विमानतळांचा आरंभ अशा थाटात झाला नाही. तो झाला मुंबईच्या उपनगरात, विलेपार्ले आणि जुहू यांच्यामधल्या एका चिखलवट मैदानावर. १९२८ साली येथे सुरू झालेला तळ भारतातील पहिला नागरी विमानतळ म्हणून ओळखला जातो.

जागेची निवड सहेतुक होती. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते. त्यामुळे त्याला कमी धाव पुरते. जुहूला पश्चिमेकडून समुद्राचा वारा सतत येतो, आणि त्या बाजूला डोंगर वा उंच इमारत आड येत नाही. त्या काळच्या हलक्या विमानांना सपाट, मोकळी जमीन तेवढी हवी होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाने येथे उड्डाणाचे शिक्षण सुरू केले. जे. आर. डी. टाटा याच क्लबाचे विद्यार्थी. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून पस मॉथ जातीच्या एका छोट्या विमानातून निघाले. सोबत होते ५५ पौंड टपाल, म्हणजे सुमारे २५ किलो. वाटेत अहमदाबादला विमानाचे इंधन बैलगाडीतून आले! दुपारी ते जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विलायतेहून कराचीपर्यंत विमानाने येणारी पत्रे आता देशातही विमानानेच पुढे जाऊ लागली. याच सेवेतून १९४६ साली एअर इंडिया उभी राहिली.

एवढ्या मोठ्या कार्याचे घर मात्र ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खोपी होती. पावसाळ्यात सारे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवावा लागे!

विमाने जड झाली तशी ही जमीन तोकडी पडू लागली. १९४८ साली प्रवासी वाहतूक दोन किलोमीटरांवरील सांताक्रूझला गेली. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. या शेजाराने २४ सप्टेंबर १९७२ रोजी अनर्थच ओढवायचा. जपान एअरलाइन्सचे चार इंजिनांचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले! साधारण ११४० मीटरांची धावपट्टी त्याला कोठून पुरणार? ते पुढे जाऊन खड्ड्यात अडकले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

मग हा तळ निरुपयोगी ठरला काय? तसे घडले नाही. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रात तेल सापडले, आणि जुहूला नवे काम मिळाले. हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी लागत नाही. त्याला हवी असते किनाऱ्यालगतची मोकळी जागा, आणि ती येथे तयारच होती. तेलविहिरींवरील कामगार येथूनच कामावर जातात. तिकडे कोणी आजारी वा जखमी झाला, तर किनाऱ्यावर येण्याची जलद वाट हीच. आपल्या चुलीतील गॅसमागे अशा माणसांचे श्रम असतात, याची जाणीव आपणांस क्वचितच होते.

या उपयोगाची किंमत शेजारी मोजतात. विमानांच्या चढउताराच्या वाटेखालील इमारतींच्या उंचीवर निर्बंध असतो. आसपासची कित्येक घरे जुनी, जीर्ण झाली. उंच बांधता येत नाही, म्हणून ती नव्याने बांधणे परवडत नाही. छत गळणाऱ्या घरात राहणाऱ्याला धावपट्टीचा इतिहास सांगून समाधान कसे व्हावे? त्याची तक्रार खरी आहे, आणि तिची दाद लागली पाहिजे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमारत आज नाही तर उद्या बांधता येते, परंतु दाट वस्तीच्या शहरात समुद्राकडे तोंड केलेले असे मोकळे मैदान एकदा गेले की पुन्हा मिळत नाही. प्रथम शिकाऊ वैमानिक, मग टपालाची विमाने, आज हेलिकॉप्टरे, असे प्रत्येक पिढीने त्याचे नवे काम शोधून काढले. शेजाऱ्यांना न्याय आणि मैदानाला अभय, या दोहोंची सांगड घालणे हेच खरे नगररचनेचे कौशल्य होय.