'बेघर' आणि 'बिऱ्हाड' : महानगरातील निवाऱ्याचा प्रश्न

मराठीत घर नसलेल्यालाही बिऱ्हाड असू शकते. पदपथावर तीन दगडांची चूल मांडणारे कुटुंब जनगणनेच्या भाषेत 'बेघर' ठरते. पण भांडीकुंडी, मुलेबाळे आणि शेजार असलेले त्याचे बिऱ्हाड तेथे नांदत असते. हा भेद केवळ शब्दार्थाचा नाही. महानगरात माणसे बेघर का होतात, याचा शोध त्यापासून सुरू करता येतो.

घरांची टंचाई हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे ९.४ लाख बेघर नोंदले गेले. त्याच जनगणनेत नागरी भागातील रिकामी घरे १.१ कोटींच्या आसपास होती. उणीव आहे ती कामाच्या जवळ, मिळकतीला झेपेल अशा भाड्याच्या जागेची.

मुंबईपुरते पाहू. गिरणगावात नवागताला गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळे, जेवण खाणावळीत होई. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखानाही अशाच आसऱ्याचे, पण जातीने आखलेले रूप दाखवतो. निवारा नात्यागोत्यातून, म्हणजे जातीतूनही, मिळत होता. ज्याच्या हाती तो धागा नव्हता, त्याच्या वाट्याला रस्ता आला. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. राहत्या भाडेकरूला संरक्षण लाभले (ते नाकारण्याचे कारण नाही), परंतु भाड्यासाठी नव्या चाळी बांधण्याचा उत्साह ओसरला. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही बंद पडत गेल्या. पगार गेला, आणि गावाकडच्या माणसाला ठेवून घेण्याची ऐपतही गेली.

१९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली. त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला. ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून पदपथावर येतात, हेही न्यायालयाने ओळखले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. निदान लगेच नव्हे, रीतसर सूचना देऊन उठवावे, एवढेच. कारण मान्य आणि परिणाम बेकायदा, असा हा पेच आहे.

पुढे १९९५ च्या पुनर्वसन योजनेत ठरावीक तारखेपूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्याची अट आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण सहज म्हणतो. पदपथावरचे बिऱ्हाड पालिकेची गाडी उचलून नेते, आणि भांड्यांबरोबर ते कागदही जातात.