घोरमधल्या गावशाळा

अफगाणिस्तानच्या मध्यावर घोर हा डोंगराळ प्रांत आहे. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या अशा मुलखात शाळा काढायची म्हटलं की आधी इमारत डोळ्यांसमोर येते. २००७ साली इथे सुरू झालेल्या गावशाळांनी इमारतीचा हट्टच धरला नाही.

आधी गावातल्या जाणत्यांशी बोलणी व्हायची. त्यांचा होकार लागायचाच, कारण जागा गावाने द्यायची असायची: मशिदीतली एखादी खोली, नाहीतर कुणाच्या घरातली. पाठ्यपुस्तकं आणि बाकीचं साहित्य शाळा चालवणारी संस्था पुरवायची. शिकवायला शक्यतो गावातलंच कुणी लिहितं-वाचतं माणूस घ्यायचे आणि त्याला प्रशिक्षण द्यायचे. त्याचं शिक्षण बेताचं असेल, पण आईबापांना तो ठाऊक असायचा, आणि अशा काळात हे फार मोलाचं. अभ्यासक्रम मात्र सरकारीच ठेवायचे, म्हणजे मूल पुढे सरकारी शाळेत गेलं तर अडायचं नाही.

खरा प्रश्न अंतराचा. सरकारी शाळा अनेक गावांत मिळून एक असायची. तिथवर एकट्या मुलीला कोण धाडणार? डेना बर्ड आणि ली लिंडन या अभ्यासकांनी हेच मोजलं. ३१ गावांचे गट करून सोडत काढली. १३ गावांना शाळा लगेच मिळाली, उरलेल्यांना वर्षभराने. त्यामुळे तुलना करता आली. शाळा मिळालेल्या गावांत पटनोंदणीचं प्रमाण ४२ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं, मुलींचं तर ५२. नोंदणीत मुलगा-मुलगी हा फरक जवळजवळ उरला नाही. गुणांतली दरीही वर्षभरात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. शाळा एक मैल लांब गेली की नोंदणी १६ टक्के-बिंदूंनी घसरत होती, आणि मुलींची घसरण मुलांपेक्षा जास्त होती. ज्यांना ‘मुलींना शिकवायला तयार नसलेले लोक’ म्हणून सोडून दिलं जातं, त्या आईबापांना शाळा नको नव्हती, वाट नको होती. मला ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

शाळा टिकवायचं पुढचं काम जास्त अवघड. संस्थेचा निधी आटला की शिक्षकाचा पगार कोण देणार, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. सरकारने वर्ग आपल्याकडे घेतले नाहीत तर शाळा बंद पडते. आणि २०२१ पासून अफगाणिस्तानात मुलींना सहावीच्या पुढे शाळाच नाही. हा अडथळा कुठल्याही गावाच्या होकाराने दूर होणारा नाही.