स्पर्धेंत संघ किती घ्यावेत ?

आंतरशालेय सामन्यांचे दिवस आले म्हणजे आमच्या फैजपुरांतील मुलांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : ‘आपला संघ पुढें जाणार काय ?’ तालुक्यांतून जळगांव जिल्हा, जिल्ह्यांतून नाशिक विभाग व विभागांतून राज्य, अशी ही चढण आहे. आणि प्रत्येक पायरीवर बहुधा एकट्या विजयी संघासच पुढची वाट मोकळी होते. अंतिम सामन्यांत एका गुणानें हरलेला संघ घरीं परततो, आणि दुसरीकडचा त्याहून दुबळा संघ पुढें जातो, हें पाहून मुलें हळहळतात. ‘दोन संघ घेतले असते तर काय बिघडलें असतें ?’ असें आईबापहि विचारतात. हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. त्याचाच थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम गणित पाहूं. जेथें हरलेला संघ बाद होतो, तेथें संघ जितके असतील त्याहून एक कमी इतके सामने होतात. कारण प्रत्येक सामन्यांत एकच संघ बाद होतो आणि शेवटीं एकच उरावयाचा असतो. 8 संघांस 7 सामने व 3 फेऱ्या. 16 संघांस 15 सामने व 4 फेऱ्या. म्हणजे संघ दुप्पट केले तरी फेरी एकच वाढते. परंतु जेवणखाण, मुक्काम व प्रवास यांचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. उलट, प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावें असें ठरविल्यास 8 संघांस 28, तर 16 संघांस 120 सामने लागतात. ‘सर्वांनाच घ्या’ हें म्हणणें सोपें. पण शाळेचें वर्ष कांहीं सामन्यांसाठींच नसतें.

ह्या प्रश्नाचा फार मोठा खल अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या बास्केटबॉल स्पर्धेंत झालेला आहे. हा खेळ 1891 च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जन्मास आला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां यावें म्हणून जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगून तो सुरू केला. पुढें 1939 सालीं तेथील महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा 8 संघांनिशीं भरूं लागली. ती संख्या 1951 सालीं 16, 1975 सालीं 32, 1985 सालीं 64 व 2011 सालीं 68 झाली. आणि त्यानंतरहि ती आणखी वाढवावी कीं नाहीं, हा वाद चालतच आला.

1975 पूर्वीं तेथें आमच्या तालुक्यासारखाच नियम होता : महाविद्यालयांच्या एका मंडळांतून एकच संघ. 1974 सालीं मेरीलँडचा संघ आपल्या मंडळाच्या अंतिम सामन्यांत नॉर्थ कॅरोलायना स्टेट ह्या संघाकडून, जादा वेळ खेळून, 103 विरुद्ध 100 असा हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. त्यास हरविणारा संघ त्याच वर्षीं राष्ट्रीय अजिंक्य ठरला ! पुढील वर्षापासून एका मंडळांतून दुसऱ्या संघासहि प्रवेश मिळूं लागला. तेव्हांपासून तेथें दोन दारें आहेत. एका दारानें प्रत्येक मंडळाचा विजेता हक्कानें आंत येतो. दुसऱ्या दारानें निवड-समिति वर्षभराचे सामने व प्रतिपक्षांचें बळ पाहून उरलेल्या जागा भरते.

पहिल्या दारानें आलेला लहान संघहि कधीं कधीं मोठा पराक्रम करतो. 2018 सालीं मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघानें, स्वतः तळच्या क्रमांकावर असून, अग्रक्रमांकाच्या व्हर्जिनियास 74 विरुद्ध 54 असें लोळविलें. दुसऱ्या दारावर मात्र दरवर्षीं भांडण होतें. 2011 सालीं व्हर्जिनिया कॉमनवेल्थ ह्या संघास घेतल्याबद्दल समितीवर कडक टीका झाली. तोच संघ प्राथमिक फेरीपासून झुंजत शेवटच्या चारांत जाऊन पोंचला. टीकाकारांचेंहि म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हे. जागा फार वाढल्या तर वर्षभराच्या सामन्यांस किंमत राहत नाहीं; आणि सामने वाढले कीं उत्पन्न वाढतें, म्हणून संख्या वाढविण्याचा मोहहि सुटत नाहीं.

पण संख्या वाढली म्हणजे न्याय झाला, असेंहि समजूं नये. ह्याचा दाखला आपल्या मुंबईंतच आहे. तेथें 1892 पासून युरोपियन व पारशी यांचे क्रिकेटचे सामने दरवर्षीं होऊं लागले. 1907 सालीं हिंदू आले व सामने तिरंगी झाले. 1912 सालीं मुसलमान आले व ते चौरंगी झाले. 1937 सालीं ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या सर्वांचा संघ आला व ते पंचरंगी म्हणविले गेले. भारतीय ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडूंस ह्या पांचव्या संघामुळेंच त्या मैदानावर पाऊल टाकतां आलें. सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा विजय हजारे यानें 1943 च्या अंतिम सामन्यांत, आपल्या संघाच्या 387 धावांपैकीं 309 धावा एकट्यानें काढल्या. संघ हरला, पण ती खेळी अद्याप आठवली जाते.

तरीहि ह्या स्पर्धेच्या प्रत्येक दारावर गुणाऐवजीं धर्माचें नांव लिहिलेलें होतें. आणि आंत गेल्यावरहि भेद सरला नाहीं. पाळवणकर बाळू हा असामान्य गोलंदाज. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले. पण अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मल्यामुळें हिंदू संघाचें नायकपद त्यास कधीं मिळालें नाहीं. तें 1923 सालीं त्याचा भाऊ विठ्ठल यास मिळालें. 1940 सालीं गांधीजींनीं अशा जातवार सामन्यांविरुद्ध मत दिलें, आणि 1946 सालीं ते बंद पडले.

1934 सालीं सुरू झालेल्या रणजी स्पर्धेनें धर्म सोडून प्रांत हा पाया धरला. तेथें 2018–19 च्या हंगामांत नऊ नवे संघ एकदम घेतले गेले व संख्या 37 झाली. कित्येक सामने एकतर्फी झाले, ही गोष्ट खरी. परंतु नवख्यांचा गट निराळा ठेवून त्यांतील पहिल्यास पुढें वाट दिली होती. त्या वाटेनें उत्तराखंडचा संघ पहिल्याच वर्षीं उपउपांत्य फेरींत पोंचला.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, ‘किती ?’ ह्यापूर्वीं ‘कोणास अजून दारच नाहीं ?’ असें विचारावें. सातपुड्याच्या पायथ्याची एखादी आश्रमशाळा किंवा मुलींचा एखादा संघ केवळ प्रवासखर्चामुळें तालुक्याच्या सामन्यांस येत नसेल, तर त्यास आणण्यासाठीं स्पर्धा अवश्य वाढवावी. ज्यांस एक दार आहे, त्यांच्यासाठीं दुसरें उघडावयाचें असेल, तर तें अरुंद असावें व खेळूनच उघडावें. चार उपविजेत्यांत एका जागेसाठीं तीनच सामने लागतात. ते एका दिवसांत उरकतात, आणि कोणाच्या शिफारशीची गरज पडत नाहीं. एवढें झालें म्हणजे हरलेल्या मुलासहि आपण खेळांतच हरलों, एवढें समाधान घेऊन घरीं येतां येईल.